पुरे म्हणजे किती इंच?

टीव्हीचं माप तिरकं घेतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे ३२ आणि ५५ हे आकडे शेजारी ठेवले तर फरक दुपटीचाही वाटत नाही. प्रत्यक्षात ५५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ३२ इंचीच्या जवळजवळ तिप्पट भरतं. किंमतही ढोबळमानाने तशीच वाढते. म्हणजे दर चौरस इंचामागे आपण साधारण सारखेच पैसे मोजतो. तरीही दुकानात लहान टीव्ही घेणारा माणूस 'भागवतोय' असं वाटतं आणि मोठा घेणारा 'घेतोय' असं.

प्रश्न साधा आहे: आजच्या काळात लहान एचडी टीव्ही घेण्यात अर्थ आहे का? आमच्या घरात तो दिवाळीपासून पडून आहे. कराडला आईबाबांच्या २४ इंची टीव्हीवर उभ्या रेघा यायला लागल्यात. नवा टीव्ही मी आणि ताई मिळून घेऊन देणार. मी पुण्यात, ताई बंगळुरूत. ताईचं म्हणणं, ५५ इंचीच घ्यायचा. आईचं म्हणणं, "बत्तीसचा बस झाला." बाबांचं म्हणणं, "तुमचं ठरलं की सांगा." मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे निर्णय माझ्याकडे आलाय. घराघरांत असंच असतं. कोडिंग करणाऱ्याला गिझरसुद्धा कळतो असं धरून चालतात.

आधी डोळ्याचं बघू, कारण ते मोजता येतं.

ज्या नजरेला डॉक्टर ६/६ म्हणतात, ती साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर आडव्या रांगेत १३६६ ठिपके असतात आणि पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा. अकरावीची त्रिकोणमिती लावली तर हा ठिपका सहा फुटांपलीकडून वेगळा दिसत नाही. आमच्या हॉलमध्ये कोचापासून शोकेसपर्यंत आठ फूट अंतर आहे. तिथून ३२ इंचीवर एचडी रेडी, फुल एचडी की फोर-के, हा वादच संपतो. ५५ इंची फोर-केचे ठिपके दिसायचे असतील तर पडद्यापासून साडेतीन फुटांवर जाऊन बसावं लागेल. आठ फुटांवरून तर ५५ इंची फुल एचडी आणि ५५ इंची फोर-के यांच्या ठिपक्यांतला फरकही ६/६ डोळ्याला कळायला नको. (काहींची नजर याहून तल्लख असते, आणि महागड्या फोर-के टीव्हीत रंग आणि उजेडही चांगले असू शकतात. पण खोक्यावर ठळक छापलेला असतो तो ठिपक्यांचा आकडा.)

यात अजून एक गंमत आहे. आईबाबांकडे डीटीएचचं साधं पॅक आहे, म्हणजे बहुतेक चॅनल एसडी. एसडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, चार लाखांच्या वर थोडे. फोर-के पडद्यावर ८३ लाखांच्या जवळपास ठिपके. म्हणजे आईची संध्याकाळची मालिका फोर-केवर लावली, तर वीसातले एकोणीस ठिपके टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असणार. आणि पडदा मोठा असल्यामुळे चित्राचा पुसटपणाही मोठा दिसणार.

मला या गणिताचं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणाने. 'पुरे' या शब्दाला सहसा पत्ता नसतो. पगार किती पुरे, मार्क किती पुरे, फ्लॅट किती बीएचकेचा पुरे, कुणी सांगू शकत नाही. इथे मात्र डोळाच सांगतो की यापुढचे ठिपके मला दिसत नाहीत, तू घे हवं तर. फार कमी वस्तूंच्या बाबतीत आपलं शरीर इतकं स्पष्ट बोलतं. आणि तरी आपण ऐकत नाही, कारण दुकानात टीव्ही भिंतीवर एकाशेजारी एक लावलेले असतात आणि आपण दोन फुटांवर उभे असतो.

पण ठिपके आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ फुटांवरून ३२ इंची पडदा नजरेतला साडेसोळा अंशांचा तुकडा व्यापतो, तर ५५ इंची अठ्ठावीस. हा फरक खरा आहे, तो डोळ्याला कळतो. आता तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो आडवा करा आणि एक व्हिडिओ लावा. साडेसहा इंची फोन एका फुटावर धरला, तर त्यावरचं चित्र सुमारे बावीस अंश व्यापतं. म्हणजे आठ फुटांवरच्या ३२ इंची टीव्हीपेक्षा हातातला फोन डोळ्यात मोठा पडतो, आणि जास्त रेखीवही दिसतो.

एकट्या माणसाला नुसतं चित्रच हवं असेल, तर फोन कधीच जिंकलाय. मग टीव्ही घ्यायचाच कशाला?

फोनवरचं चित्र एकाच मानेसाठी असतं, एवढंच त्याचं उत्तर आहे. आई मालिका बघते तेव्हा अर्धा वेळ तिचे हात मटार सोलत असतात आणि पाव वेळ ती स्वयंपाकघराच्या दारात असते. बाबा पेपर वाचत मालिका न बघण्याचं नाटक करतात आणि बरोबर मोक्याच्या क्षणी म्हणतात, "ही आता सगळं सांगून टाकणार बघ." हे फोनवर होत नाही. माझा रूममेट आणि मी एकाच सोफ्यावर बसून एकच वेबसिरीज दोन फोनवर बघितली आहे, तो दोन एपिसोड पुढे आणि मी मागे. आम्ही एकमेकांशी बोलायचं टाळत होतो, कथा फुटू नये म्हणून.

बाबा सांगतात, १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा त्यांच्या आळीत ज्या एका घरी टीव्ही होता, तिथे रविवारी सकाळी वीसेक माणसं बसायची. ब्लॅक अँड व्हाइट, वीस इंची. म्हणजे माणशी एक इंच. दोन माणसांच्या घरात ५५ इंची आला, तर माणशी साडेसत्तावीस होतील. मला जुने दिवस गोड करून सांगायचे नाहीत. दुसऱ्याच्या घरात जमिनीवर बसून बघण्यात एक मिंधेपणा असतो, आणि बाबांनी नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षात टीव्ही घेतला तो त्याचमुळे. मुद्दा इतकाच की टीव्हीचे इंच कुणाला दिसण्यासाठी आहेत, हे माणसं धरून मोजावं लागतं.

आणि इथेच माझं पहिलं गणित जरा लंगडतं. ते सगळं ६/६ डोळ्यांसाठी होतं. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिला ठिपके तीन फुटांवरूनही दिसणार नाहीत. पण बातम्यांच्या खाली सरकणारी पट्टी तिला वाचायची असते आणि ती वाचायला ठिपके नाही, आकार लागतो. म्हणजे डोळा जितका कमजोर, तितका फोर-के निरुपयोगी आणि मोठा पडदा उपयोगी. बाबांनी यावर स्वतःचा उपाय शोधलाय. क्रिकेट असलं की ते प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढतात. आठ फुटांवरून साडेचार फुटांवर आलं की ३२ इंची टीव्ही डोळ्यासाठी ५५ इंची होतो. फुकट.

तर मग मोठा की लहान, हे ठरवायचं कुणी?

आपल्याकडे हे काही काळ सरकारनेच ठरवून दिलं होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा टीव्हीवर २८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये ६८ सेंटीमीटरपर्यंतच्या, म्हणजे २७ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो १८ टक्के झाला. १ जानेवारी २०१९ पासून ही रेघ ३२ इंचांवर सरकली. त्यापुढचे सगळे टीव्ही २८ टक्क्यांतच राहिले, ते थेट २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत. त्या दिवसापासून सगळेच १८ टक्क्यांत आले. म्हणजे जवळजवळ पावणेसात वर्षं भारताच्या करपद्धतीत साधेपणा आणि चैन यांच्यामधून एक रेघ जात होती आणि ती बत्तीस इंचांवर होती. इफ-एल्स लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल: कुठेतरी आकडा टाकावाच लागतो, आणि एकदा टाकला की तो निसर्गनियम असल्यासारखा दिसू लागतो. तरी त्या रेघेत मला एक प्रामाणिकपणा वाटतो. तिने निदान असं कबूल केलं होतं, की एवढा टीव्ही म्हणजे चैन नव्हे.

हे कबूल करणं सोपं नसतं. तामिळनाडूत २००६ च्या निवडणुकीत द्रमुकने रंगीत टीव्ही फुकट देण्याचं आश्वासन दिलं, आणि सत्तेत आल्यावर १४ इंची टीव्ही वाटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की जाहीरनाम्यातलं असं आश्वासन कायद्याच्या व्याख्येनुसार भ्रष्ट आचरण ठरत नाही. सोबत निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. त्या कायद्याच्या बाजूत मी शिरत नाही. पण "गरिबाला टीव्ही कशाला?" हे वाक्य आजही चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या घरी हटकून टीव्ही असतो.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये या 'कशाला'चं उत्तर सदऱ्याच्या उदाहरणाने दिलं होतं. लिननचा सदरा जगायला लागत नाही. ग्रीक आणि रोमन लोक त्याशिवाय मजेत जगले. पण त्याच्या काळच्या युरोपात साध्या रोजंदारी मजुरालाही तसा सदरा अंगात नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटायची. म्हणून स्मिथच्या हिशेबात तो सदरा गरजेची वस्तू ठरतो. अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला: लाज न वाटता चारचौघांत वावरता येणं ही गरज सगळीकडे तीच, त्यासाठी लागणारी वस्तू मात्र जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलते.

मला हे पटतं. म्हणूनच तुलनेला सरसकट 'दिखाऊपणा' म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण सदऱ्याच्या युक्तिवादाला एक अडचण आहे. डोळ्याला मर्यादा आहे, लाजेला नाही. सगळ्यांनी सदरे घेतले की सदऱ्याची लाज मिटते. टीव्हीचं तसं होत नाही. आमच्या कॉलनीत ३२ होते तेव्हा ४३ आले, ४३ झाले तेव्हा ५५ आले. प्रत्येक घर एकदा पुढे गेलं आणि सगळे मिळून होते तिथेच राहिले. मग ५५ इंची हा आजचा सदरा आहे का? कराडमध्ये आमच्या आईला टीव्हीवरून कुणी खालच्या नजरेने बघतं का? मी विचारलं. ती म्हणाली, "बघायला येतंय कोण? सगळे आपापल्या घरी बघतात." ते खरंच आहे. जी वस्तू बघायला आता शेजारी येत नाहीत, तिची लाजही थोडी ओसरलेली असते.

ताईचा मुद्दा मात्र लाजेचा नाहीच, आणि तो मला सगळ्यात जड जातो. ती म्हणते, "आईने आयुष्यभर लहानच घेतलंय. करपलेली भाकरी तिची, सेलमधली साडी तिची. ती 'बस झाला' म्हणते तेव्हा तिला हवं काय हे ती बोलतच नसते. सवय बोलत असते."

तत्त्वज्ञानात यावर बरंच लिहिलं गेलंय. नॉर्वेच्या यॉन एल्स्टरने १९८३ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि नावच 'आंबट द्राक्षं' ठेवलं: जे मिळण्यासारखं नसतं, त्याची इच्छाच माणूस हळूहळू सोडून देतो. सेन यांनीही वारंवार बजावलंय, की ज्यांना कायम कमी मिळालं ते कमीतच समाधान मानायला शिकतात, म्हणून त्यांच्या समाधानावरून सगळं ठीक आहे असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. आपल्या आयांच्या पिढीबद्दल बोलताना तर हे विसरताच येत नाही. "आईची इच्छा आहे ना, मग झालं," असं म्हणून हात झटकणं ही आपली सोय असते.

पण या युक्तिवादाला एक धोकादायक टोक आहे. 'तुझी इच्छा खरी नाही, ती परिस्थितीने घडवलेली आहे,' असं एकदा म्हटलं की समोरच्याच्या कुठल्याच 'नको'ला किंमत राहत नाही. मग आईने काहीही म्हटलं तरी आपण ५५ इंची घेऊन मोकळे. म्हणून यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय.

कोल्हा काय म्हणाला ते नीट बघा. तो म्हणाला, द्राक्षं आंबट आहेत. तो द्राक्षांना नावं ठेवतो. आईने मोठ्या टीव्हीला एकदाही नावं ठेवलेली नाहीत. साताऱ्याला मावशीकडे ५५ इंची आहे. तिथे तिने अख्खा सिनेमा बघितला, "काय छान दिसतं गं" म्हणाली, आणि घरी येऊन पुन्हा बत्तीसच म्हणाली. द्राक्षं खाऊन, गोड आहेत असं सांगून, 'पण मला इतकी नकोत' म्हणणारा कोल्हा त्या गोष्टीत नाही.

दुसरं म्हणजे, तिची कारणं तिच्या घरातली आहेत. आमचं शोकेस १९९९ मध्ये सुताराकडून करून घेतलेलं आहे. त्यातला टीव्हीचा कप्पा ३३ इंच रुंद. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद असतो. तो यायचा तर शोकेस काढावं लागेल. त्यात आजोबांचा फोटो आहे, ताईच्या वक्तृत्वाच्या ढाली आहेत, आणि आईच्या दृष्टीने ती भिंत टीव्हीची नाही, टीव्ही त्या भिंतीतला एक जण आहे. ३२ इंची सुमारे २८ इंच रुंद असतो, तो तिथे बसतो. हा त्याग नाही, हे माप आहे.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आई काहीच मागत नाही असं नाही. तिला बोललेलं स्पष्ट ऐकू यायला हवं, पार्श्वसंगीताखाली संवाद बुडायला नकोत. टीव्ही लावल्यावर लगेच लागायला हवा, गोल गोल फिरत बसायला नको. रिमोटवर कमी बटणं हवीत. जो माणूस सवयीने स्वतःला मागे ठेवतो तो इतक्या अटी घालत नाही. तिच्या मागण्या आहेत, फक्त त्या इंचांत नाहीत. इंचांत नाहीत म्हणून आम्हाला त्या मागण्या वाटत नव्हत्या.

आता खरी पंचाईत. आई मागतेय तो टीव्ही, म्हणजे लहान पण चांगला, दुकानात जवळजवळ मिळत नाही. ३२ इंचींत बहुतेक मॉडेल एचडी रेडीच असतात. आवाज किरकोळ. स्मार्ट म्हणून विकलेल्यांत अनेकदा एक जीबी रॅम. माझा धंदाच सॉफ्टवेअरचा असल्यामुळे मला माहीत आहे, की प्रत्येक अपडेटबरोबर ॲप जड होत जातं. पडदा दहा वर्षं टिकेल, पण दोन-तीन वर्षांत यूट्यूब उघडेपर्यंत चहा होईल. पडदा लहान म्हणून आतला संगणक मंद असला पाहिजे, असा भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम नाही. सहा इंची फोनमध्ये आठ जीबी रॅम असतेच की. ओएलईडी पडदे फोनमध्ये आहेत, घड्याळात आहेत, पण त्या पडद्याचा नेहमीचा टीव्ही घ्यायला गेलं तर ४२ इंचांच्या खाली काही नाही. ज्याला चांगलं हवं त्याने मोठंच घ्यावं, अशी ही रचना आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, बत्तीसमध्ये आता काही राहिलं नाही." तो खोटं बोलत नव्हता. राहू दिलेलं नाही.

साधेपणाने जगावं असं आपण एकमेकांना सांगतो तेव्हा हे विसरतो. थोडक्यात भागवणाऱ्याला बाजार हलकी वस्तू देतो, मग ती हलकी निघाली की म्हणतो, बघा, थोडक्यात भागत नाही.

तर सध्या माझ्या मनात असं आहे. ३२ इंचीच, पण एचडी रेडी नाही, फुल एचडी. कोचावरून फरक कळणार नाही, पण बाबांच्या साडेचार फुटांवरच्या खुर्चीवरून एचडी रेडीचे ठिपके दिसतात आणि फुल एचडीचे दिसत नाहीत. हिशेब करून बघितलाय. संवादांसाठी एक छोटा साउंडबार. टीव्हीच्या आतल्या ॲपवर भरवसा न ठेवता वेगळी स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे ती म्हातारी झाली की तेवढीच बदलता येईल. बातम्यांच्या पट्टीचं काय, हे मात्र सुटलेलं नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर बघू असं आई म्हणते, आणि तोपर्यंत बाबा पट्टी मोठ्याने वाचून दाखवतात, आपली मतं मध्ये घालून.

सगळं मिळून बेरीज ४३ इंचीच्या जवळ जाते. ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "म्हणजे लहान टीव्हीवर मोठ्या टीव्हीचे पैसे घालवणार तू?" हो, म्हटलं. तिला अजून पटलेलं नाही. शोकेस काढून ढाली माळ्यावर ठेवायला तिची स्वतःची काहीच हरकत नाही म्हणे.

आईला फोन करून सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रिमोट किती होणार?"

टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि स्टिकचा, असे तीन. साउंडबारचा धरला तर चार. दोनवर आणता येतात का, ते बघतोय.